रोल संपवायला काढलेले फोटो

आमच्या घरात वर्षाला एक रोल यायचा, फार तर दोन. श्रावण संपत आला की नानाकाका राजवाड्याजवळच्या दुकानातून तो आणायचे आणि देवघराशेजारच्या फडताळात, आजीच्या पोथ्यांच्या खणात ठेवायचे. घरात त्यातल्या त्यात थंड आणि अंधारी जागा तीच. गणपतीची सकाळची आरती झाली की रोल कॅमेऱ्यात बसायचा आणि पुढच्या गणपतीपर्यंत त्या बारा फोटोंवर घरातल्या सगळ्यांचा हक्क असायचा. बारा म्हणजे बाराच. साताऱ्यातल्या एका वाड्यात, तीन भावांच्या एकत्र कुटुंबात वाढलेली आम्ही भावंडं आता साठीच्या आसपास आहोत. अजूनही जमलो की कुठली गोष्ट कुठल्या वर्षी घडली हे आम्ही रोलवरून ठरवतो. बाळूची मुंज कुठल्या रोलवर होती हे आठवलं की साल आपोआप सापडतं.

कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा, काळा, हलका. सत्तरच्या दशकात ज्या मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असायचा तिथे पुष्कळदा हाच. त्याच्यावर ऊन आणि ढग अशी चित्रं, शटरला एकच वेग आणि फोकस करायला काहीच नाही. दहा फुटांच्या पलीकडचं बरं येतं आणि अलीकडचं धूसर येतं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. फ्लॅश आमच्याकडे नव्हता, त्यामुळे फोटोतलं आमचं सगळं आयुष्य अंगणात आणि पडवीत घडलं. ताईचं लग्न लागलं संध्याकाळी, पण घरच्या कॅमेऱ्यातला तिचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळचा आहे. मुंडावळ्या पुन्हा बांधून तिला तुळशीपाशी उभं केलं होतं. ऊन फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी हवं, हा तेव्हाचा पक्का नियम. म्हणून आमच्या अल्बममध्ये सगळे डोळे बारीक करून उभे आहेत आणि त्यांच्या पायांपाशी नानाकाकांची सावली पडलेली आहे. डोक्यावर टोपी, कोपरं बाहेर काढलेले दोन्ही हात, मधे चौकोनी कॅमेरा. नानाकाकांचे स्वतःचे फोटो घरात दोन-तीनच निघतील. सावल्या मात्र पुष्कळ आहेत.

रोल इंदूचा किंवा ऑर्वोचा. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. १९६० साली स्थापन झालेला हा सरकारी कारखाना आता बंद पडला आहे. ऑर्वो पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचा. त्या देशाशी आपला व्यापार रुपयांत चालायचा, त्यामुळे परकीय चलनाची ओढाताण असतानाही तो गावातल्या स्टुडिओत मिळायचा. अण्णांना, म्हणजे थोरल्या काकांना, इंदूच हवा असे. आपल्या देशात तयार झालेल्या फिल्मवर आपली माणसं उमटावीत, हा त्यांचा आग्रह होता आणि तो ते मनापासून बोलून दाखवत.

रोल भरताना आम्ही सगळी पोरं नानाकाकांभोवती उभी असायचो. जिन्याखालच्या सावलीत ते पाट टाकून बसायचे. रोलवरची चिकटपट्टी नखाने सोडवायची, कागदाचं टोक रिकाम्या रिळाच्या फटीत सरकवायचं, दोन वेढे घट्ट बसले की झाकण लावायचं. मग मागच्या लाल काचेत बघत चावी फिरवायची. आधी कोरा कागद सरकत जायचा, मग खुणा दिसायच्या आणि शेवटी त्या इवल्याशा लाल खिडकीत १ हा आकडा हळूहळू वर यायचा. तो बरोबर मधे आला की नानाकाका हात थांबवायचे. आम्हीही तेवढा वेळ श्वास धरलेला असायचा. रोल संपला की उलटी कृती: सगळा कागद गुंडाळून घ्यायचा, टोकाची डिंकाची पट्टी जिभेने ओली करायची आणि चिकटवून टाकायची. ती पट्टी ओली करण्याचा मान दर वर्षी वेगळ्या मुलाला मिळे. त्या डिंकाची चव मला आजही आठवते.

बारा फोटोंचा हिशेब आजीच्या समोर व्हायचा. गणपतीचा एक, गौरीचा एक, दसऱ्याला सगळ्या घराचा एक. कुणाचं बारसं, कुणाची मुंज असेल तर दोन राखून ठेवायचे. सज्जनगडाला किंवा महाबळेश्वरला जाणं झालं तर तिथे एक. तिघांचा फोटो काढायचा नाही, हे आजीचं ठाम मत. म्हणून आम्ही तिघी बहिणी उभ्या राहिलो की शेजारच्या बिऱ्हाडातलं जे पोर हाताला लागेल ते चौथं म्हणून मधे खेचलं जायचं. आमच्या अल्बममध्ये अशी दुसऱ्यांची मुलं बरीच आहेत आणि ती सगळी हसताहेत, कारण त्यांना फोटो अनपेक्षितपणे मिळालेला असायचा.

फोटोआधीच्या त्या पाच-दहा मिनिटांबद्दल मला खास सांगायचं आहे. दुधाचं पातेलं चुलीवरून खाली यायचं, न्हाणीतला नळ बंद व्हायचा, आजोबा चष्मा पुसून घालायचे. सतरा माणसांचं घर, एरवी कुणाचं कुणाकडे लक्ष नसायचं. पण नानाकाकांनी कॅमेरा डोळ्याला लावला की सगळे एकाच ठिकाणी असायचे, देहाने आणि मनानेही. "हलू नका," एवढंच ते म्हणायचे. पायाखालची फरशी तापलेली असायची, मागे उभ्या असलेल्या आईचा हात खांद्यावर असायचा, कापराचा वास अजून हवेत असायचा. आज यातलं काहीच त्या फोटोत दिसत नाही, तरी मला ते आठवतं, आणि माझ्या भावंडांनाही आठवतं. वर्षातला बारावा हिस्सा आपण या क्षणाला दिला आहे हे प्रत्येकाला ठाऊक असायचं, म्हणून तो क्षण सगळ्यांनी पुरता घेतला. आजच्या फोनमध्ये एका वाढदिवसाचे दोनशे फोटो असतात आणि त्यातल्या एकाही क्षणी आपण तिथे काय करत होतो ते सांगता येत नाही. ही काळाची तक्रार नव्हे. मर्यादा असली की लक्ष कसं एकवटतं, हे मी माझ्या घरात पाहिलं आहे, म्हणून सांगते.

मग वाट बघणं. भाद्रपदात काढलेला गणपतीचा फोटो कधी वैशाखात हातात यायचा. या मधल्या काळात तो असायचा कुठे? फिल्मवर चांदीच्या संयुगाचे बारीक कण असतात. उजेड पडला की त्या कणांत अगदी थोडे चांदीचे अणू सुटे होतात, डोळ्याला काहीही न दिसण्याइतके थोडे. फोटो त्या क्षणीच झालेला असतो, फक्त दिसत नाही. रसायनात बुडवला की त्या थोड्या अणूंच्या आधाराने सबंध कण काळा होतो. हे मला पुढे कळलं, पण लहानपणी फडताळातल्या कॅमेऱ्याकडे बघून घराचं सबंध वर्ष आत बसलंय असं वाटायचं, ते काही खोटं नव्हतं.

आमच्या चुलत दादाने कॉलेजात असताना घरीच फिल्म धुवायला सुरुवात केली. न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडी लावली, दाराच्या फटीत जुनी लुगडी कोंबली. फिल्म डबीत भरेपर्यंत मिट्ट काळोख लागतो. लाल दिवा चालतो तो पुढे कागदावर फोटो छापताना. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन तो तोळामाशाच्या काट्यावर मोजायचा. पुस्तकात पाण्याचं तापमान वीस अंश सांगितलेलं, आणि एप्रिलमधलं आमचं पाणी तीसच्या वर. मग माठातलं पाणी घ्यायचं, परातीत बर्फ ठेवायचा आणि त्यात डबी. त्याच्याकडे वेळ मोजायचं घड्याळ नव्हतं. आजी न्हाणीघराबाहेर पाटावर बसायची आणि रामरक्षा म्हणायची. डेव्हलपरला एक रामरक्षा, तिच्या नेहमीच्या संथ लयीत. फलश्रुती झाली की दादा डबीतलं रसायन ओतून टाकायचा आणि हायपो घालायचा. आजीला फिल्मचं रसायनशास्त्र माहीत नव्हतं आणि दादाचा रामरक्षेवर विश्वास होता की नाही ते त्याने कधी सांगितलं नाही, पण त्या निगेटिव्ह अजून स्वच्छ आहेत. फिल्म माजघरात दोरीला चिमट्याने लटकायची. ती वाळेपर्यंत केर काढायचा नाही, सतरंजी झटकायची नाही, पंखा लावायचा नाही. घर तासभर गप्प बसायचं.

रोल संपला नाही तर धुवायला देता येत नाही, ही त्या काळची मोठी अडचण. वर्ष सरत आलं, समोर कार्य नाही, प्रवास नाही, आणि कॅमेऱ्यात दोन फोटो उरलेत. मग कुणीतरी म्हणायचं, "नाना, टाका कुठेतरी मारून आणि द्या एकदाचा रोल." नानाकाका मान हलवायचे. त्यानंतर एखाद्या दिवशी ते कॅमेरा घेऊन घरात फिरताना दिसायचे. त्या फोटोंसाठी कुणाला बोलवायचे नाहीत, हलू नका म्हणायचे नाहीत. चावी फिरवल्याचा आवाज तेवढा यायचा.

माझ्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा फोटो असाच निघाला आहे. मी अकरा-बारा वर्षांची असेन. स्टुडिओतून पाकीट आलं, त्यात निगेटिव्हच्याच आकाराच्या, सव्वादोन इंची चौकोनी प्रती होत्या. कार्यांचे फोटो हातोहात फिरले. मागे राहिलेल्यात एक होता: जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक मुलगी पुस्तकात डोकं घालून बसली आहे, वेणीचं टोक दातांत, एक चप्पल पायात आणि एक खाली पडलेली. ही कोण, असं मी क्षणभर म्हटलं. स्वतःला मी तोवर आरशातच पाहिलं होतं, म्हणजे सावध असताना, समोरून. कुणी बघत नसताना मी कशी असते हे मला पहिल्यांदा दिसलं. त्या गजबजलेल्या घरात मी घुमी म्हणून बोलणी खायची. पाहुणे आले की आई दटावून मला बाहेर काढायची. पण त्या फोटोतली मुलगी घुमी नव्हती. ती कुठेतरी पूर्ण रमली होती, आणि ती मला आवडली. नानाकाकांना ती तशीच दिसली असणार, नाहीतर त्यांनी उरलेल्या दोनातला एक तिच्यावर खर्च केला नसता. पुढे मी लायब्ररीत नोकरी धरली, तीस-एक वर्षं पुस्तकांत काढली. तो फोटो माझ्या टेबलाच्या खणात असायचा.

असे फोटो अल्बममध्ये गेले नाहीत. अल्बम आत्याच्या ताब्यात, काळ्या जाड पानांचा, मधे बटरपेपर, कोपऱ्यांना चिकटवायचे त्रिकोण. तिच्या दृष्टीने फोटो म्हणजे प्रसंग. बाकीच्या प्रती पाकिटात राहिल्या आणि पाकिटं पत्र्याच्या डब्यात. पुढे पस्तीस मिलिमीटरचे कॅमेरे आले, रंग आला, छत्तीस फोटो आले आणि तासाभरात छापून देणारी दुकानं आली. फोटो वाढले. उरलेल्या फोटोंचा प्रश्न मिटला, कारण काय काढायचं हा प्रश्नच मिटला. त्या काळच्या रंगीत प्रती आता तांबूस पडल्या आहेत, चेहरे विटले आहेत. दादाच्या आणि नानाकाकांच्या काळ्या-पांढऱ्या प्रती मात्र तशाच आहेत.

गेल्या उन्हाळ्यात वाडा रिकामा करताना तो डबा माळ्यावरून खाली आला. उघडला तर व्हिनेगारचा वास. ॲसिटेटची फिल्म जुनी झाली, त्यात दमटपणा आणि उष्णता मिळाली की तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटायला लागतं. एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो, फिल्म आक्रसते, वेडीवाकडी होते. साताऱ्याच्या पावसात इतकी वर्षं काढून ती टिकली हेच नवल. माझ्या भाचीला फिल्मचा नाद आहे. तिच्या वयाच्या कितीतरी मुलांना तो लागला आहे. पेंटॅक्सने २०२४ साली नवा कोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला, तोही अर्ध्या फ्रेमचा, छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो देणारा. ती म्हणाली, "आत्या, प्रतींपेक्षा निगेटिव्ह बघू या, त्या क्रमाने असतात." आम्ही खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावला आणि पट्ट्या धरून बघायला लागलो. तीन-तीन फोटोंच्या चार पट्ट्या म्हणजे एक वर्ष.

अल्बममध्ये आत्याने लावलेला क्रम आम्हाला पाठ होता. निगेटिव्हमधला क्रम मात्र नानाकाकांच्या नजरेचा होता. गणपती, गौरी, दसरा, मुंज. आणि चौथ्या पट्टीच्या शेवटी, जिथे टाका कुठेतरी मारून असं म्हणायचे तिथे, काकू. धोंड्यावर धुणं धुणारी काकू. पडवीत सुपात तांदूळ पाखडणारी काकू, सुपातले दाणे हवेत. गच्चीवर पापड पसरणारी, ओल्या केसांना पंचा गुंडाळून तुळशीला पाणी घालणारी, दारात उभी राहून भाजीवालीशी घासाघीस करणारी. पुढच्या रोलच्या शेवटी पुन्हा काकू, त्याच्या पुढच्यालाही. एखाद्या वर्षी दोन फोटो उरले असतील तर एक आमच्यापैकी कुणाचा आणि एक तिचा. सगळीकडे ती दहा फुटांवर, कारण कॅमेऱ्याला त्याहून जवळ जाता येत नव्हतं, आणि एकाही ठिकाणी ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. या फिल्मचा चौकोन पस्तीस मिलिमीटरच्या साडेतीन पट मोठा, त्यामुळे मोठं केलं तरी चेहरा विरत नाही. भाचीने सुपाचा फोटो पडद्यावर मोठा केला तेव्हा काकूच्या हातातल्या बांगड्याही मोजता आल्या.

नानाकाका आणि काकूला आम्ही कधी गप्पा मारताना पाहिलं नाही. त्या पिढीत, त्या घरात, सगळ्यांसमोर नवरा-बायकोने बोलायची रीत नव्हती. नानाकाका नगरपालिकेत कारकून, घरी येऊन चहा घेऊन पेपर वाचणारे. त्यांच्या मनात काय चालतं याचा आम्ही कुणीच विचार केला नव्हता. त्या खिडकीशी उभं राहून आम्हाला एक माणूस पंधरा-वीस वर्षं काय बघत होता ते कळलं.

असंच एका गोष्टीकडे बघत राहिलेला आणखी एक जण म्हणजे प्रागचा जोसेफ सुडेक हा फोटोग्राफर, पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला. जर्मनांनी शहर ताब्यात घेतलं, बाहेर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं, तेव्हा १९४० पासून तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढत राहिला. काचेवरचं दव, पलीकडचं वाकडं झाड, खिडकीतला पाण्याचा पेला. असं १९५४ पर्यंत. त्याच सुमाराला तो निगेटिव्हच्याच आकाराच्या प्रती काढू लागला होता, आमच्या पाकिटातल्यासारख्या. आणि कोडॅकने कोडाक्रोम बंद केला तेव्हा स्टीव्ह मॅक्करीला तयार झालेला शेवटचा रोल मिळाला. छत्तीस फोटो. त्यासाठी तो न्यूयॉर्कहून मुंबईला आला, राजस्थानात गेला, नामवंतांचे आणि राबारी लोकांचे चेहरे टिपले. रोल धुवायला तो कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी गेला, कारण ती फिल्म धुणारी प्रयोगशाळा तेवढीच उरली होती. शेवटचा फोटो त्याने तिथल्याच कब्रस्तानातल्या एका पुतळ्याचा काढला. रोल संपवायचा होता, समोर जे होतं ते बघितलं. हे वाचलं तेव्हा मला गच्चीवरचे पापड आठवले. नानाकाकांनी या दोघांचीही नावं ऐकली नव्हती, पण समोर जे आहे तेच बघायचं हे त्यांनाही ठाऊक होतं, आणि मी त्यांना या दोघांच्याच पंगतीला बसवते.

नानाकाका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू शहाऐंशीची आहे, नजर अजून चांगली. आम्ही तिच्यासाठी ते फोटो मोठे करून नेले. ती एकेक हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. सुपाच्या फोटोपाशी म्हणाली, "हे सूप माहुलीच्या बुरुडाचं गं. सहा वर्षं वापरलं." मग पापडांचा फोटो. "उडदाचे दिसतायत."

मी विचारलं, "काकू, तुला कधी कळलं नाही का, शेवटचा फोटो नेहमी तुझाच असायचा ते?"

"मला कुठलं कळायला," ती म्हणाली. थोड्या वेळाने आपणहून बोलली, "रोल संपत आला की ह्यांचं एक असायचं. सकाळी निघताना विचारायचे, आज पापड घालणार आहेस का. नाहीतर, आज धुणं कधी काढशील. एरवी ह्या गोष्टी कधी विचारल्या नाहीत. मला वाटायचं, पाऊस येईल म्हणून विचारत असतील."

भाची सगळ्या पट्ट्या स्कॅन करते आहे. वास मारणाऱ्या पट्ट्या वेगळ्या काढल्या, त्यांचं काम आधी. प्लॅस्टिकची पाकिटं काढून कागदाची केली. आत्याचा अल्बम आहे तसा राहणार आहे, पण आम्ही भावंडांनी ठरवलंय की आता दुसरा एक करायचा: प्रत्येक रोल एका पानावर, बाराच्या बारा फोटो नानाकाकांनी काढले त्याच क्रमाने, हललेले, जळलेले, धूसर, काहीही न गाळता. प्रत्येकाच्या घरी एक प्रत. पुण्याच्या छापखान्याला पहिली चार पानं दिली आहेत आणि कागद कुठला घ्यायचा यावर दादाचं आणि भाचीचं अजून एकमत झालेलं नाही.